सर्जा, ढाण्या आणि पूजेतली चेन

प्रिय धनू,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडलं, खोटं कशाला सांगू? पण दुसरा कुठलाही शब्द घातला असता तर तो शिवीच निघाला असता. तुझ्या आईने मिरजेहून फोनवर बजावलंय, की गेलेल्या माणसाला शिव्या घालू नयेत, त्याला तिकडे ठसका लागतो. लागू दे! चांगला जोरात लागू दे. त्याचसाठी लिहायला बसले आहे.

आज खंडेनवमी. तिथीने तुला जाऊन वर्ष झालं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत, कारण उजव्या हाताला पट्टी आहे. काल मी शेडवर गेले आणि परागच्या ट्रकवर, ढाण्यावर, घण चालवला. हो, घणच. तुझाच, लाकडी दांड्याचा, जो मला एका हाताने उचलत नाही. लग्नाच्या इतक्या वर्षांत तुला न सांगता मी एवढी मोठी गोष्ट कधी केली नव्हती, म्हणून आज सांगतेय.

शेवटपर्यंत ऐक. मध्येच ‘बरं बरं’ करून उठून जायची सवय आता तरी सोड.

तुला आठवतो का रे पराग आपल्याकडे पहिल्यांदा जेवायला आला तो दिवस? मंडळाच्या गणपतीत भेटलेला, नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला, एकटा राहतो, म्हणून तूच बोलावलंस. मी मसालेभात वाढत होते. त्याने फोनवर कुठल्याशा लाल अमेरिकन ट्रकचा फोटो दाखवला आणि तू हातातला घास खाली ठेवलास. लांब नाकाचा ट्रक! इथे बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर सगळे ट्रक चपट्या तोंडाचे, ड्रायव्हर इंजिनच्या डोक्यावर बसलेला. तुम्हा दोघांना मात्र तो जुना प्रकार हवा होता, इंजिन पुढे नाकात आणि माणूस त्याच्या मागे. एकच आजार असलेली दोन माणसं माझ्या डायनिंग टेबलावर भेटली, आणि भात वाढायला मी!

मग काय, एकामागून एक दोन्ही ट्रक साउथहॅम्प्टनच्या बंदरात उतरले. तुझा निळा. सांगलीकडचा माणूस दुसरं काय नाव ठेवणार, सर्जा. त्याचा लाल, त्याचं नाव ढाण्या. गावाबाहेर बॅरी नावाच्या शेतकऱ्याच्या शेतावरची शेड तुम्ही दोघांत भाड्याने घेतलीत आणि त्या दिवसापासून माझे रविवार संपले.

अकरा वर्षं मी तुमची तुलना ऐकली, धनू. मला नको असताना ती तोंडपाठ झाली आहे. तू म्हणायचास, “सर्जाचं बॉनेट बघ, अख्खं एका तुकड्यात पुढे कलंडतं. सगळं इंजिन ताटात वाढल्यासारखं समोर!” पराग म्हणायचा, “कलंडवायचं काहून बाप्पा? ढाण्याच्या बॉनेटचा एक पंख उचल, काम कर, चहा पी, मग दुसरा पंख उचल. माणसानं कसं आरामात राहावं!” तुझे गियर तेरा, त्याचे अठरा. “तेरात जे होत नाही ते अठरात काय होणार? उगाच हात हलवायचे धंदे!” “तुला तेरा तरी कुठे झेपतात बे? परवा चढावर गिअरबॉक्स कसा किंचाळत होता, डुक्कर कापल्यासारखा!”

आणि माझं मत कुणी कधी विचारलंत का? सर्जा लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेला, ढाण्या हवेच्या फुग्यांवर. एकदा तुझ्याबरोबर सर्जातून जुन्या ट्रकांच्या शोला आले, तर दुसऱ्या दिवशी मीच फिजिओथेरपिस्ट असून मलाच फिजिओथेरपिस्टची गरज पडली! ढाण्यात बसले तेव्हा डबा मांडीवर ठेवून पोहे खाता आले. पण दिसायला सर्जा देखणा होता, हे मी तेव्हा कबूल केलं नाही, आज करते. तो लांबलचक सरळ नाकाचा निळा राक्षस उन्हात उभा राहिला की इंग्रज म्हातारे टोप्या काढून बघायचे, आणि तू शेजारी असा उभा राहायचास जसा काही तूच त्याला जन्म दिलास.

एक फरक मात्र राहिला. ढाण्याच्या केबिनला मागून झोपायची खोली जोडलेली होती, पत्र्याची, आत खाट. पराग आळशी, दुपारी जेवला की तिथे ताणून द्यायचा. सर्जालाही तशी खोली होती. तू ती काढून टाकलीस, “उघड्या पाठीचा बैल शोभतो” म्हणालास. तुझ्या डोक्यामागे मग काच राहिली. नुसती काच. गियरवर, नाकावर, रंगावर भांडलात, या फरकावर एकदाही नाही! का नाही भांडलात रे?

मागच्या खंडेनवमीला शेडमध्ये पाट मांडून तू लाल कापड अंथरलंस. पाने, जॅक, हातोड्या, सगळं ओळीने. तू कोण? चतुर्थीला ऑम्लेट खाणारा, सत्यनारायणाला लाच म्हणणारा. पण हा एक सण तुझ्या हाडात होता. मिरजेला तुझ्या बाबांच्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी लेथ बंद असायचं, आणि पूजेतल्या पान्याला हात लावलास म्हणून बाबांनी तुझ्या कानाखाली असा आवाज काढला होता की त्या कानाने तुला पुढे आठवडाभर ऐकू येत नव्हतं. ही गोष्ट तू हसत हसत सांगायचास. मला कधीच हसू आलं नाही.

त्या पाटावर नवी चेन होती. गाडी ओढायची, चांगली मनगटाएवढ्या कड्यांची, त्याच आठवड्यात आलेली. तू तिला हळदकुंकू वाहिलंस, झेंडूचं फूल ठेवलंस. मी पुऱ्यांचा डबा घेऊन दारात उभी होते. आणि पराग म्हणाला, “अकरा वर्षं तोंडानंच भांडून राहिलो ना आपण? चाल, आज फैसला करू.” पाठीला पाठ लावून दोन ट्रक, मध्ये चेन, जो ओढेल तो श्रेष्ठ! तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

तू बाहेर गेलास आणि बॅरीच्या फाटकावर लटकलेली जुनी चेन घेऊन आलास. झाडांची खोडं उपटून उपटून गंजलेली. मी म्हटलं, “अरे, ती नवी काय शोभेला आणलीस?”

“पूजेतलं हत्यार आज उचलायचं नाही, मेधा.”

“मग ओढाओढी उद्या करा!”

“उद्या दसरा. उद्या गाड्यांची पूजा. उद्या त्यांना विश्रांती.” आणि हसलास. काय शास्त्र तोंडपाठ होतं तुझं! गाड्यांना विश्रांती, पान्यांना विश्रांती, चेनला विश्रांती. तुझ्या मानेचा विचार कुठल्या तिथीला करणार होतास?

आयुष्यात एक रूढी पाळलीस, धनू, आणि ती अशी पाळलीस!

दोन्ही इंजिनं एकदम पेटली. धुराड्यांतून काळे लोट निघाले, जमीन माझ्या चपलांखाली थरथरायला लागली, बॅरीचा कुत्रा शेपूट घालून घरात पळाला. चेन ताणली गेली आणि करकरली. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. ढाण्या जमिनीला चिकटून बसला आणि ओढत राहिला. सर्जाची मागची चाकं त्या तुझ्या लाडक्या पाट्यांवर उड्या मारायला लागली, माती फेकायला लागली. मी पाहत होते. सर्जा मागे सरकत होता. हळूहळू, पण मागेच. आणि तू, तुला हरणं माहीतच नव्हतं! तू होता नव्हता तेवढा जोर लावलास. सर्जाने एक हिसका मारला आणि चेन ढाण्याकडच्या टोकाला तुटली.

मला चेन दिसलीच नाही. नुसती हवा फाटल्याचा आवाज, आणि मग काच. सर्जा मोकळा सुटला, झेपावला, फाटक मोडलं, कुंपण चिरडलं आणि नांगरलेल्या शेतात नाक खुपसून थांबला. इंजिन चालूच. मी धावले. पुऱ्या सगळ्या चिखलात पडल्या, मी त्यांच्यावरून धावले. दार उघडलं तेव्हा तू स्टीअरिंगवर झोपल्यासारखा होतास आणि चेनचा शेपटा तुझ्या खांद्यावर, एखाद्या हारासारखा. मी रोज लोकांच्या माना हातात घेते. तुझी मान हातात घेतली आणि मला कळलं. अॅम्ब्युलन्स यायच्या आधी, हेलिकॉप्टर यायच्या आधी, कुणी तोंडाने सांगायच्या आधी मला कळलं. मी तुला त्या क्षणी इतक्या शिव्या घातल्या, की मागाहून धावत आलेल्या बॅरीला मराठी येत नाही हे किती बरं, असं मला नंतर वाटलं.

कोरोनरने, म्हणजे इथे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, अपघात म्हटलं. मी नाही म्हटलं. स्मशानात, म्हणजे त्या गालिचा घातलेल्या खोलीत, जिथे बटण दाबलं की पडदा सरकतो, तिथे पराग हात जोडून माझ्यासमोर आला आणि “वहिनी...” एवढंच म्हणाला. मी त्याच्या थोबाडीत मारली. एक नाही, मोजल्या नाहीत. त्याचा चष्मा तुटला. “तूच म्हणालास ना ‘चाल, फैसला करू’! झाला फैसला? बघ, झाला!” तो हलला नाही. लोकांनी मला धरलं. मला अजूनही त्याची लाज वाटत नाही.

नंतर जो तो मला सांगायला आला, की देवाची मर्जी. तुझ्या ऑफिसातला तो कोण, तो तर म्हणाला, “ही डाइड डुइंग व्हॉट ही लव्ह्ड.” मी त्याला विचारलं, तुला काय आवडतं? बिअर? मग तुला पिंपात बुडवून मारलं तर तुझ्या बायकोला हेच सांगू का? तेव्हापासून तो आला नाही. बरं झालं.

सर्जा शेडमध्ये फुटक्या काचेनिशी उभा होता. गेल्या आठवड्यात मी भंगारवाल्याला फोन केला. सोमवारी येऊन घेऊन जा, म्हटलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर चेपा. सर्जा माझ्या नावावर आहे, तो मला भंगारात घालता येतो. ढाण्या परागचा. त्याला घण.

तुझी लेक साउथहॅम्प्टनच्या युनिव्हर्सिटीतून फोनवर किंचाळली. “आई, तू बाबाचा ट्रक क्रश करायला दिली? हाउ कुड यू? बाबा जिंकत होता! सर्जा ढाण्याला ओढत होती, एव्हरीवन नोज!” मी म्हटलं, सई, तुला कुणी सांगितलं? तिने फोन आपटला. मला वाटलं, पोरगी मनाची समजूत घालतेय. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

काल दुपारी मी गेले. पाऊस नव्हता, वारा होता. आधी ढाण्याचे दिवे फोडले, दोन्ही. मग आरसे. पुढची काच दोन तुकड्यांची आहे, तुला माहीतच आहे, डावी एका फटक्यात गेली, उजवीला तीन लागले. मग रेडिएटरची चकचकीत जाळी. धनू, काय सुख होतं ते! प्रत्येक घावाला मी काहीतरी ओरडत होते. तुझं नाव, त्याचं नाव, बाबांचं नाव, ज्यांनी तुझ्या कानाखाली वाजवली होती. ढाण्याच्या जागी मिरजेचं ते अख्खं वर्कशॉप असतं तरी मी सोडलं नसतं.

पराग कधी आला मला कळलं नाही. मला वाटलं, आता धरेल, रडेल, पोलिसांना बोलावेल. तो माझ्यासमोर डोळ्यांना लावायचा गॉगल धरून उभा होता, काम करताना घालतात तो. “वहिनी, आधी हा घाला. काच उडून राहिली.”

“आता सुचतंय तुला?” मी गॉगल भिरकावून दिला. “तेव्हा कुठे गेलं होतं हे शहाणपण? तेव्हा त्याच्या मागे काच नव्हती का?”

त्याने गॉगल उचलून आणला, पुसला आणि पुन्हा पुढे केला. मी नाही घेतला, पुन्हा घाव घातला, आणि तेव्हाच ही तळहाताची जखम झाली. रक्त बघून त्याने काय करावं? पुढे होऊन ढाण्याचा एक पंख उचलला, तो बॉनेटचा, ज्याच्यावरून तुम्ही दोघांनी माझे कान किटवले होते. आतलं इंजिन दाखवलं.

“बाहेरून मारून पत्राच वाकतो, वहिनी. हा इंधनाचा पंप. हा गेला की ढाण्या संपला. याचा पार्ट आता जगात कुठंच मिळत नाही. इथं मारा.”

मी घण उचलला. खरंच उचलला, डोक्याच्या वर. हात रक्ताने लडबडलेला, दांडा घसरत होता.

“एक सांगतो, मग मारा. धन्या जिंकत होता.”

“काय?”

“ढाण्याची चाकं जागच्या जागी फिरत होती. सर्जा ओढत होता मला. हरलोच होतो मी, बाप्पा. शोमध्ये सगळ्यांना सांगितलं, मंडळात सांगितलं. सईला पण सांगितलं.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. घण वर तसाच. कारण मी पाहिलं होतं, धनू! मी दारात उभी होते. सर्जा मागे सरकत होता, तू हरत होतास, म्हणूनच तर तो हिसका! आणि परागला हे माझ्याहून जास्त माहीत, तो ढाण्यात बसून पुढे जात होता. ज्या माणसाने अकरा वर्षांत एक गियर, एक नट, एक रंगाचा डबा तुला कबूल केला नाही, तो माणूस वर्षभर गावभर सांगत हिंडला, की मी हरलो. त्याच्याजवळ दुसरं काय होतं द्यायला? तेवढी एकच जीत होती त्याची, ती त्याने तुझ्या लेकीला देऊन टाकली.

घण खाली आला तो शेडच्या फरशीवर. लादी फुटली, काँक्रीट उडालं. मी खाली बसले आणि गुरासारखी ओरडून रडले, वर्षात पहिल्यांदाच. परागने माझ्या हाताला स्वतःचा मफलर गुंडाळला. “खोटारडा आहेस तू,” मी म्हटलं. “काहून? जे झालं ते सांगितलं,” तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. हरण्यासाठी म्हणून तो हा एकच वाद आयुष्यात नेटाने लढतोय असं मला वाटलं.

त्याला मी माफ केलं का? माहीत नाही. तुला तर मुळीच नाही केलं. पण आज सकाळी मी शेडवर गेले आणि तुझं लाल कापड अंथरलं. पाने मांडले, जॅक, हातोड्या. घण धुऊन पुसून मधोमध ठेवला, म्हणजे आज तरी मला तो उचलता येणार नाही. परागचा तो गॉगल ठेवला. तोही आला होता, पाटाकडे बघून त्याने विचारलं, “चेन?” मी ती नवी चेन उचलली, धनू, तुझ्या हळदकुंकवाचे डाग अजून आहेत तिच्यावर, आणि सर्जाच्या पाठीवर नेऊन अडकवली.

भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलंय. सईला फोन केला, तिने तिसऱ्यांदा उचलला. उद्या दसऱ्याला येतेय, सर्जाला हार घालायला. तुझ्या त्या मागच्या काचेच्या जागी पराग जाड पत्रा बसवणार आहे. सर्जा देखणा दिसणार नाही. न दिसू दे!

तुला वचन देते, नीट ऐक. यापुढे दर खंडेनवमीला मी पाट मांडीन, पण चेन कधी पूजेत ठेवणार नाही. ती गाडीवर राहील, हाताशी, वर्षाचे सगळे दिवस. देव रागावला तर रागावू दे, माझ्याइतका तो नाही रागावणार. आणि दुसरं वचन. तू हरत होतास, हे तिघांनाच माहीत होतं. त्यातला एक तू, गेलास. दुसरा पराग, तो काही सांगायचा नाही. तिसरी मी. उद्या सई मला तोंडावर विचारेल, आई, तू तिथे होतीस ना, खरं काय ते सांग.

मी सांगेन, सर्जा जिंकत होता. मी पाहिलं, पुऱ्यांचा डबा घेऊन दारातच उभी होते.

तुझी,
डोळ्यांनी पाहणारी साक्षीदार,
मेधा